नळ कोणी सोडला?

“काका, गिझरमधून गरम पाणी येत नाहीये,” एवढं एकच वाक्य सांगायला मी पहिल्यांदा घरमालकांच्या ओट्यावर गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः समोरच्या पायरीवर बसले, चष्मा काढून बनियनला पुसला आणि म्हणाले, “पहिले मले सांगा, नळ कोणी सोडला?”

“मीच सोडला.”

“पुरा सोडला का अर्धा?”

“पुरा.”

“पुरा म्हणजे? तुमच्या मनानं पुरा, का नळाच्या मनानं पुरा?”

मला मिहानला जाणारी कंपनीची बस गाठायची होती. अंग गार पाण्यानं धुतलेलं, केस ओले, आणि नागपुरातली डिसेंबरची सकाळ. मी म्हटलं, संध्याकाळी बोलू. काका समाधानानं उठले आणि आत गेले. त्यांच्या हिशेबी तक्रार निकालात निघाली होती.

आता आम्ही राहतो तिथं नळ फिरवला की गरम पाणी येतं, आणि त्याबद्दल कोणी एक अक्षर विचारत नाही. तरी अजून कधीकधी नळाला हात लावताना माझ्या कपाळाला आठी पडते. ती काकांची देणगी आहे.

काकांनी उभा जन्म एका सरकारी कचेरीत तक्रारीच्या टेबलावर काढला होता. निवृत्त झाले तरी टेबल काही सुटलं नव्हतं. “तक्रार कधी अंगावर घ्यायची नाही,” एकदा खुशीत येऊन त्यांनी मला सांगितलं होतं. “प्रश्न विचारायचे. अर्ध्या तक्रारी तिथंच बसतात. बाकीच्यायले पुढच्या हप्त्यात बोलवायचं.” जिन्यातला दिवा गेला असं सांगितलं तर ते विचारायचे, “गेला तवा तुमी वर चढून राहिल्या होत्या का उतरून राहिल्या होत्या?” मांजर दारात घाण करते म्हटलं तर, “खालून येते का गच्चीवरून?” मी त्यांना काका म्हणायची. ते एरवी मला पोरी म्हणायचे, पण तक्रार घेऊन गेले की लगेच मॅडम. मॅडम ऐकू आलं की समजायचं, आज काही आपलं काम होत नाही.

घर जरीपटक्याला, बाजाराच्या मागच्या गल्लीत. खाली काका आणि काकू, वर मी आणि आई. काकूंना लकवा मारून गेला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. एकच शब्द उरला होता, “हो”. भूक लागली तरी हो, पाय दुखला तरी हो, हसू आलं तरी हो. त्यांचं सगळं काका स्वतः करायचे, बाई ठेवू द्यायचे नाहीत. आई रोज दुपारी काकूंपाशी जाऊन बसायची आणि दोघींच्या तासन्‌तास गप्पा चालायच्या. म्हणजे आई बोलायची आणि काकू हो म्हणायच्या.

माझी आई उमरेडची. लग्नाआधी आणि लग्नानंतरही तिनं हातमागावर लुगडी विणली. आता तिच्या बोटांची पेरं सुजून गाठी झाल्या होत्या, आणि थंडीत सकाळी ती बोटं उघडतच नसत. गरम पाण्याची धार त्यांच्यावर धरली की हळूहळू सुटायची, आणि मग ती आपल्या पोलक्याचे हुक आपल्या हातानं लावायची. गरम पाणी मिळालं नाही की हुक मला लावावे लागत, आणि तेच तिला खपत नव्हतं. “मी का लहान लेकरू हाओ का?” म्हणून ती पाठ फिरवायची. मग मी गेल्यावर दिवसभर पदर घट्ट लपेटून घरात बसायची. कोणी दार वाजवलं तरी उघडायची नाही, खाली काकूंकडेही जायची नाही. मी पातेलंभर पाणी तापवून ठेवून जायची, पण ते तिला उचलता येत नव्हतं, आणि ती उठेपर्यंत ते निवून जायचं. पाण्यात घालायच्या रॉडला काकांची बंदी होती. तेव्हा माझ्या घरात गिझर म्हणजे चैन नव्हती. तो पेटला तर माझी आई दार उघडणार होती, नाहीतर नाही.

आणि तो पेटत नव्हता. नळ सोडला की नुसतं टक टक टक व्हायचं. कधी चुकून भडका उडायचा, बादलीत चार तांबे ऊन पाणी पडायचं, आणि परत गार.

काकांचा पहिला संशय सेलवर. गिझरच्या पोटातले ते दोन जाड सेल त्यांनी काढले, पण नवे आणले नाहीत. गच्चीवर उन्हात ठेवले. “उन्हात ठेवले की त्यायच्यात जीव येते,” ते म्हणाले. नवे सेल मीच आणून घातले तर त्यांनी मला विचारलं, “दुकानदारानं समोर तपासून देले का?” त्या सेलनी टक टक फक्त जोरात व्हायला लागलं.

मग जाळीवर संशय. आमच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर सगळीकडे बसायचा, तेव्हा हे पटण्यासारखं होतं. त्यांनी पाइपातली जाळी काढली आणि निंबूसताच्या पाण्यात बुडवून ठेवली. कशात, तर माझ्या ऑफिसच्या डब्यात. जाळी चकचकीत झाली, डब्याला कसलासा वास लागला, आणि पाणी गारच राहिलं.

मग सिलिंडरवर. स्वयंपाकघरातला सिलिंडर न्हाणीघराच्या बाहेर आणला, तिथला स्वयंपाकघरात नेला. जमिनीवर गुडघे टेकून रेग्युलेटरला कान लावून बसले. “गॅस येऊन राहिला,” त्यांनी जाहीर केलं. तो येतच होता, त्यावर माझी भाजी शिजत होती.

न्हाणीघराच्या खिडकीच्या काचा तर आम्ही राहायला येण्याआधीच काढून टाकलेल्या होत्या. “गॅस जळते तिथं हवा पायजे. बंद खोलीत माणूस मरते, समजलं?” हे म्हणणं बरोबर होतं. पण ओल्या पाठीवर तो डिसेंबरचा वारा यायचा तेव्हा मला त्यांच्या बरोबर असण्याचाच जास्त राग यायचा.

शेवटी त्यांनी ठरवलं की चूक आंघोळ करणाऱ्याची आहे. रोज सकाळी डोक्याला माकडटोपी घालून ते अंगणात त्या बिनकाचेच्या खिडकीखाली उभे राहायचे आणि वर तोंड करून ओरडायचे, “आता सोडा! एकदम नाही सोडायचा! हळू! आता पुरा सोडा!”

“सोडला नं भाऊ!” आतून आई.

“पेटला का?”

“टकटक करून राहिला!”

“बंद करा! दम घेऊ द्या त्याले! आता सोडा!”

समोरच्या किराणा दुकानदाराला आमच्या घरात कोण कधी अंगावर पाणी घेतं हे तोंडपाठ झालं होतं. मी बससाठी निघाले की तो गल्ल्यावरून आपुलकीनं विचारायचा, “दीदी, आज पेटला?” माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा मी परस्पर मेकॅनिक बोलावला. काकांनी त्याला फाटकातच गाठलं. कोणाच्या सांगण्यावरून आलास, याआधी किती गिझर उघडलेस, त्यातले किती बंद केलेस, उघडताना पाणी वरून बंद करतोस का खालून. मी खिडकीतून पाहत होते. त्या माणसानं पिशवी एकदा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, गाडीला किक मारली आणि तो गेला. काका वर पाहून म्हणाले, “मॅडम, याले काही येत नाही.”

“काका, त्याला पायरीवर तरी चढू द्यायचं!”

“कशाले? गिझर बराबर हाये.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. गिझर बराबर हाये. सेल तपासले, जाळी धुतली, गॅस येतो, तेव्हा गिझर बरोबर आहे. मग पाणी गार का, हा प्रश्न मात्र ते एकट्या मलाच विचारायचे.

संक्रांतीच्या सुमारास आईच्या मुगवड्या वाळत घालायला मी गच्चीवर गेले. एरवी माझं वर जाणं व्हायचं नाही. पाट ठेवायला जागा शोधताना मला लोखंडाचं उंच चौपायी स्टँड दिसलं. त्यावर आमचे जुने सेल ऊन खात पडले होते. बाकी ते रिकामं होतं. आणि पाण्याची टाकी त्या स्टँडच्या पायांमध्ये, खाली सिमेंटवर बसलेली होती. वरून पत्रा, अंगाला गोणपाट, आणि चारी बाजूंनी कूलरच्या जुन्या वाळ्याच्या ताट्या बांधलेल्या.

मी आजूबाजूच्या गच्च्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या टाक्या उंच स्टँडवर होत्या. एकटी आमची जमिनीवर. गॅसच्या गिझरला पाण्याचा जोर लागतो. पाणी जोरानं आत शिरलं तरच त्याची कळ दाबली जाते आणि तो पेटतो. आमचं न्हाणीघर या गच्चीच्या लगेच खाली. टाकी अशी बसकण मारून बसलेली असल्यावर जोर येणार कुठून? खालच्या मजल्यावर काकांना धो धो पाणी येत होतं, म्हणून त्यांच्या कधी लक्षात आलं नसेल, असं मला वाटलं. मी वड्यांचा पाट तिथंच सोडून धावत खाली गेले.

“काका, सापडलं! टाकी खाली आहे. टाकी स्टँडवर चढवा, गिझर पेटेल!”

मी प्रश्नांची वाट पाहत होते. टाकी कोणी पाहिली, कोणत्या बाजूनं पाहिली, पाहिली तेव्हा ऊन होतं का. काकांनी काही विचारलं नाही. “टाकी तिथंच राहीन,” ते म्हणाले आणि आत गेले.

म्हणजे माहीत होतं त्यांना! दीड महिना माझे सेल वाळवले, माझा डबा नासवला, माझ्या आईला रोज सकाळी गल्लीभर ओरडायला लावलं, आणि माहीत होतं! मी वर येऊन भांडी आपटली. आईला म्हटलं, सामान बांध, मला या माणसाच्या घरात एक दिवस राहायचं नाही.

आई बोटं चोळत बसली होती. “टाकीचं नाव नको काढू वं,” ती म्हणाली.

“काहून?”

“तिचा उजवा पाय पाहिला का तू? काकूचा?”

मी पाहिला नव्हता. काकूंच्या पायावर कायम चादर असायची.

“मी तेल लावते नं तिले, तवा पाहते. ढोपरापासून खाली पुरी चामडी भाजलेली हाये. भाऊनंच सांगितलं मले. मे महिना होता. टाकी वर उन्हात. त्यायनं तिले आंघोळीले बसवलं, पायावर नळ सोडला. त्या पायाले तर काही समजतच नाही तिच्या. त्यायनं विचारलं, पाणी बराबर हाये नं? तिले ‘हो’च म्हणता येते वं.”

पण खरं सांगते, माझा राग गेला नाही. तो आणखीच अवघड झाला. आधी निदान मोकळेपणी चिडता तरी येत होतं. आता मी गार पाण्याचा तांब्या अंगावर घेताना चिडायची आणि चिडल्याबद्दल पुन्हा स्वतःवर चिडायची. आईचे हुक लावायचे, तिनं पाठ फिरवायची, आणि खालून आवाज यायचाच, “आता सोडा!”

एका सकाळी माझा तोल गेला. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, “काका, उन्हाळा मे महिन्यात असतो! आत्ता जानेवारी आहे! थंडीत टाकी वर ठेवा आणि उन्हाळ्यात खाली घ्या, नाहीतर मला तरी गच्चीवरून खाली टाका!”

दुकानदार गल्ल्यावरून उठून उभा राहिला. काकांनी टोपी वर सारली.

“चढवीन कोण?” त्यांनी विचारलं.

मी रागानं बोलले होते. त्यांनी ते मनावर घेतलं. रविवारी सकाळी गच्चीवर माणसांचे आवाज आले. काकांनी अर्धी गल्ली गोळा केली होती. टाकी रिकामी केली, ताट्या सोडल्या, आणि “धरून राहा गा, सोडू नको!” करत सगळ्यांनी ती स्टँडवर चढवली. पाइपाचे दोन तुकडे त्यांनी करून घेतले होते, एक लांब, एक आखूड. लांब तुकड्यावर तेलरंगानं ‘हिवाळा’ लिहिलं होतं आणि आखूड तुकड्यावर ‘उन्हाळा’.

गिझर भक्कन पेटला. न्हाणीघरात वाफ झाली. आई बराच वेळ बाहेर आली नाही, आणि आली तेव्हा पोलक्याचे सगळे हुक लावलेले होते. मी आनंदानं खिडकीतून ओरडले, “काका, पेटला!”

अंगणातून काका म्हणाले, “मी म्हणत नव्हतो? गिझर बराबर हाये.”

मी खिडकी लावायला गेले. काचा नव्हत्याच.

तेव्हापासून आमच्या गल्लीला एक नवाच सण लागला. धुळवडीला टाकी उतरवायची, दिवाळी झाली की चढवायची. धुळवडीला हिरव्यानिळ्या तोंडांची माणसं गच्चीवर चढत, टाकीला रंगीत हातांचे ठसे उमटत, आणि काका सगळ्यांना विचारत सुटत, कोणी कुठं धरलं, काहून तिथंच धरलं. टाकी खाली आली की त्या दिवशीची काकूंची आंघोळ दुपारी व्हायची. काका आधी तोच तांब्या स्वतःच्या पायावर ओतायचे, मग काकूंच्या. आई सांगायची.

तिसऱ्या हिवाळ्यात काकू गेल्या. झोपेतच गेल्या, पहाटे.

त्यानंतर काका सुधारले. मी हा शब्द मुद्दाम वापरते, कारण दोन वर्षं मी ज्या गोष्टीसाठी नवस करायचा बाकी ठेवला होता तेच झालं. जिन्यातला दिवा गेला असं मी सांगितलं, तर त्यांनी “बरं” म्हटलं आणि दिवा आणून लावला. मोरीचं पाणी तुंबलं, “बरं.” अंगणातून कोणी ओरडेना. मला सुखानं आंघोळ करता येत होती आणि एका सकाळी मी तशीच नळ हातात धरून उभी राहिले, खालून कोणीतरी काहीतरी विचारेल म्हणून.

“भाऊ काहीच विचारून नाही राहिले वं,” आई काळजीनं म्हणायची. ती जेवायला काही ना काही घेऊन खाली जायची. ताट तसंच परत यायचं.

धुळवड आली आणि गेली. काकांनी कोणाला बोलावलं नाही. टाकी वर तशीच राहिली.

एप्रिल लागला. ऊन चढलं की नळाला हात लावायची सोय राहत नव्हती. आणि इथं मला सांगितलं पाहिजे की, आईला ते पाणी फार मानवलं. गिझर नको, टकटक नको, सकाळीही टाकीत रात्रीचं ऊन पाणी शिल्लक असायचं. ती नळाखाली हात धरून बसायची. उन्हाळ्यातही सकाळी तिची बोटं जराशी आखडलेलीच असत, पण त्या वर्षी ती इतकी सुटली की तिनं फुलवाती वळायला घेतल्या. “असा उन्हाळा बाराही महिने पायजे,” ती म्हणाली होती. नागपुरात असं म्हणणारी ती एकटीच असेल.

एका दुपारी सुट्टी होती म्हणून मी घरी होते. खिडकीतून पाहिलं तर काका अंगणात बादली भरून सावलीत ठेवत होते. सकाळचीही एक तिथंच होती. निवायला ठेवली असणार. नळाचा चटका बसलेला हात त्यांनी झटकला, आणि दुसरी बादली लावली. तो हात पाहून माझं पित्त खवळलं. तरातरा खाली गेले.

“काका, टाकी काहून नाही उतरवली?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा पुसला नाही, मॅडम म्हटलं नाही.

“कोणासाठी उतरवू, पोरी?”

त्यांच्या तोंडून मी इतके प्रश्न ऐकले होते, पण उत्तर हवं आहे असा हा पहिलाच.

वरून खिडकीतून आवाज आला. “माझ्यासाठी उतरवा नं भाऊ!” आई चौकटीला धरून वाकली होती. “मले चटके बसून राहिले! हात घालता येत नाही पाण्यात! किराया देतो का नाही आमी? पाहा काहीतरी!”

मी थक्क होऊन वर पाहिलं. तिच्या मांडीवर त्याच सकाळी वळलेल्या वातींचा ढीग मी पाहिला होता.

काका वर तोंड करून उभे राहिले. मग त्यांचा हात चष्म्याकडे गेला. तो काढून त्यांनी बनियनला पुसला, एक काच, मग दुसरी.

“पहिले मले सांगा, नळ कोणी सोडला?”

“मी सोडला!”

“पुरा सोडला का अर्धा?”

“पुरा!”

“पुरा काहून सोडला? एप्रिलमधी कोणी पुरा सोडते का? सकाळचं का दुपारचं? कोणत्या हाताले बसला चटका?”

ते बराच वेळ चाललं. दुकानदार बाहेर येऊन ऐकत उभा राहिला. मला नेहमीसारखी चीड आली, आणि ती आली म्हणून इतकं बरं वाटलं की मी तिथंच पायरीवर बसून सगळं ऐकलं.

रविवारी टाकी उतरली. ताट्या बांधल्या, काकांनी त्यांच्यावर पाणी मारलं, आखूड पाइप जोडला. सोमवारी सकाळी आई नळाखाली हात धरून बसली, आणि खालून हाक आली, “पाणी कसं हाये?”

“बराबर हाये, भाऊ!”

“बराबर म्हणजे कसं? गार का कोमट?”

“गार! एकदम गार!”

मग ती उठून बाहेर आली. बोटं मिटलेली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि या खेपेला पाठ फिरवली नाही. समोर उभी राहिली, आणि मी तिच्या पोलक्याचे हुक लावले.